निवृत्त न झालेल्या माणसाचं पातेलं

लायल,

काल डोलोरेस झास्ट्रोचा पुन्हा फोन आला. पातेलं मागत होती. चर्चच्या सभागृहाला यंदा रंग द्यायचाय, भिंतीवरची सगळी पातेली उतरवून घासायची आहेत, तेव्हा तुझंही एकदाचं येऊन जाऊ दे म्हणाली. मी म्हटलं, बघते. तर म्हणते, "बाई, तुम्ही गेल्या उन्हाळ्यापासून बघताय." शाळेत मी तिला रसायनशास्त्रात दोनदा नापास केलंय. तेव्हापासून ती काही विसरत नाही.

एवढं कळवायला दोन ओळी पुरल्या असत्या. पण पोर्ट अल्मात तुझ्याबद्दल जे बोलतात ते ऐकून माझं डोकं फिरलंय. कोणी तुला हेकट म्हणतं, कोणी कृतघ्न. हेकट तू आहेसच, त्यावर मला वाद घालायचा नाही. पण कृतघ्न? म्हणून झालं ते सगळं एकदा नीट लिहून काढायला बसले आहे. पुढचं तुला ठाऊक आहे, ज्यांना नाही त्यांच्यासाठी लिहिते. चुकलं असेल तिथे खूण कर.

लायल कुबिक मूळचा नेब्रास्कातल्या डुकरं पाळणाऱ्या घरातला. कॉलेजात फुटबॉल, म्हणजे चेंडू हातात धरून पळायचा तो आमचा अमेरिकन खेळ, खेळायला गेला तेव्हा प्रशिक्षकाने त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि सांगितलं, पुढच्या फळीसाठी तू लहान आहेस आणि पळण्यासाठी जड. लायलने विचारलं, असं कुठलं काम आहे जे कोणालाच नको असतं? होतं एक. मैदानात वाकायचं आणि दोन पायांमधून चेंडू मागे फेकायचा, थेट लाथ मारणाऱ्याच्या हातात. पलीकडचे दांडगे अंगावर येणार, हे माहीत असून डोकं खाली ठेवायचं. प्रत्येक संघात असा एकच गडी असतो. काम नीट झालं तर तो कोणाला दिसत नाही. चुकला तर गाव वर्षभर त्याच्या नावाने खडे फोडतं. आमच्या गावच्या व्यावसायिक सॉयर्स संघात लायल अकरा हंगाम होता आणि पोर्ट अल्मातल्या निम्म्या लोकांना त्याचं आडनाव धड सांगता येत नव्हतं. त्याच्या कामाची याहून मोठी पावती नाही.

पहिल्यांदा आला तेव्हा एक कापडी बॅग घेऊन माझ्या दारात उभा राहिला. वरच्या खोल्या भाड्याने द्यायची पाटी मी लावली होती. "बाई, महिन्यापुरत्याच हव्यात," तो म्हणाला. "पुढचं काही सांगता येत नाही." गावभर मला बाईच म्हणतात, त्याला कोणी सांगितलं देव जाणे. कपडे तो बॅगेतच ठेवायचा. काठावरचे सगळे खेळाडू असंच राहतात, कपाट लावलं की काढून टाकतात असा त्यांचा समज. चौथ्या वर्षी मी ती बॅग तळघरात नेऊन टाकली आणि सांगितलं, आता खण वापर, मला ते बॅगेचं दर्शन सहन होत नाही. तो दिवसभर रुसून बसला होता.

माझ्या सफरचंदाच्या झाडाला त्याने ट्रकचं जुनं टायर टांगलं होतं. रोज सकाळी पाठमोरा वाकून त्यातून चेंडू मारायचा. हंगाम असो की नसो, तळ्यावर बर्फ असो की नसो. शेजारच्यांनी तक्रार केली तेव्हा मी त्यांना त्यांच्या कुत्र्याची आठवण करून दिली.

आता गेल्या वर्षीचं. आमच्याकडे हंगाम संपला की खरा खेळ सुरू होतो. कोण राहणार, कोण जाणार, कोणाला वय झालं म्हणून नारळ द्यायचा, हे मार्चपासून न्हाव्याच्या खुर्चीत ठरायला लागतं. लायलचा विषय तिथे कधी निघत नसे. मग एप्रिल आला. कॉलेजातून बाहेर पडलेले खेळाडू सगळे संघ पाळीपाळीने निवडून घेतात. वाकून फेकणाऱ्यावर कोणी शहाणा आपली पाळी खर्च करत नाही, ते नंतर पदरात पडतातच. आमचा संघ चालवणाऱ्या मोठ्या साहेबांनी केली. ब्रॅन्सन नावाचा एक उंचापुरा मुलगा घेतला. त्या संध्याकाळी लायल स्वयंपाकघरात आला, आईने पाठवलेल्या कोलाच्यांचा, म्हणजे फळं भरलेल्या गोड पावांचा, डबा उघडला, मला एक दिला, स्वतः तीन खाल्ले आणि म्हणाला, "बाई, माझ्या जागी माणूस आला."

दुसऱ्या आठवड्यात मोठ्या साहेबांनी त्याला बोलावलं. फार गोड बोलले म्हणे. तुझं एक वर्ष अजून करारात आहे, पण तू सन्मानाने निवृत्त हो. पत्रकारांना बोलावू, पहिल्या घरच्या सामन्याला अग्निशमन दलाच्या गाडीवरून तुझी फेरी काढू. हे सगळं लायलने मला सांगितलं तेव्हा मीही क्षणभर म्हटलं, बरं आहे की. त्यावर त्याने मला समजावलं. करारात असताना निवृत्तीच्या कागदावर सही केली, की त्याच्यावरचा हक्क संघाकडेच राहतो, दुसरीकडे कुठे खेळता येत नाही. संघाने काढून टाकलं तर तो मोकळा. शेजारच्या राज्यातल्या संघाने त्याला उचललं असतं तर आमच्या खुणा त्यांना कळल्या असत्या, ही साहेबांची भीती. आणि गावाच्या आवडत्या माणसाला हाकललं, हा डागही त्यांना नको होता.

"म्हणजे त्यांना तुला काढायचंय आणि हात तुझे वापरायचेत," मी म्हटलं.

"बाई, म्हणूनच तुम्ही शिकवायला होतात," तो म्हणाला.

लायल साहेबांना नाही म्हणून आला. मेमधला सराव ऐच्छिक असतो, म्हणजे न आलेल्याचं नाव लक्षात ठेवतात. लायल रोज सगळ्यांच्या आधी हजर. मात्र ब्रॅन्सनला त्याने काही शिकवलं नाही. मुलगा विचारायचा, बोटं कुठे ठेवता, पावसात काय करता. लायल म्हणायचा, टायर टांग. यावरून आमचं भांडण झालं. मी जन्मभर शिकवलंय, मला हे पटेना. मी म्हटलं, त्या पोराने तुझं काय घोडं मारलंय? लायलने हातातला कप खाली ठेवला. "काही नाही. चांगला मुलगा आहे. पण माझ्या थडग्यासाठी खड्डा खणायचा असेल तर फावडं तरी त्यांनी आणावं." मला अजूनही ते पूर्ण पटलेलं नाही.

आणि मग बूयाचं प्रकरण. सॉयर्समधून कोणी जुना गडी निवृत्त झाला की सेंट कॅसिमिर चर्चच्या आवारात बूया शिजतो. कोंबडी, बैलाच्या शेपटीची हाडं, कोबी, गाजरं, सगळं मोठ्या हंड्यांत, लाकडी वल्ह्यांनी ढवळत. शेवटी उरलेला रस्सा पातेल्यात भरून त्या खेळाडूला घरी देतात. पातेल्यावर त्याचा क्रमांक आणि आल्या-गेल्याची वर्षं रंगवलेली असतात. आठवडाभरात त्याने ते घासून परत आणायचं, की ते सभागृहाच्या भिंतीवर टांगलं जातं. तिथे लटकलं की माणूस संपला. म्हणजे खेळाडू म्हणून. जाताना डोळ्यांत पाणी आणून पातेलं देणारे कितीतरी मी पाहिलेत.

आता आमच्या गावाची एक खोड आहे. इथे कोणी कोणाला तोंडावर प्रश्न विचारत नाही. आजारी आहेस का, नवरा सोडून गेला का, हे विचारणं म्हणजे असभ्यपणा. अंदाज करायचा आणि पातेलं भरून न्यायचं. तेव्हा रेडिओवर कोणीतरी म्हणालं की लायल कुबिक निवृत्त होतोय असं आतल्या गोटातून कळतं, आणि डोलोरेसने जूनचा रविवार ठरवून टाकला. कोंबड्या सांगितल्या, क्रमांक रंगवला. लायलला विचारायचं कोणाच्या मनात आलं नाही. मला तरी विचारायचं. मी डोलोरेसच्या समोरच राहते.

आम्हाला शनिवारी कळलं. मी म्हटलं, जाऊ नकोस. तो म्हणाला, "कोंबड्यांनी काय पाप केलंय?" आणि रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून निघाला.

रांग फाटकापर्यंत होती. लोक त्याचा हात धरून, फार छान दिवस होते रे तुझे, म्हणत होते. म्हातारा न्हावी तर रडलाच. लायल सगळ्यांशी हसून बोलला, तीन वाट्या बूया खाल्ला, दोन लहान मुलींना चेंडू कसा धरतात ते दाखवलं. मी मनात म्हटलं, त्यांना बरं दाखवतोस. मग डोलोरेसने पातेलं त्याच्या हातात दिलं आणि माइक पुढे केला. तो उभा राहिला. त्याला बोलायची सवय नाही, मान खालीच.

"बूया झकास झालाय," तो म्हणाला. "डोलोरेसकाकू, मिरी जरा जास्त पडलीये, पण झकास. मला कोणी विचारलं नाही म्हणून सांगतो. मी निवृत्त होत नाहीये. सप्टेंबरात भेटू."

आणि पातेलं काखेत घेऊन माझ्या गाडीकडे चालू लागला. मागे हंड्याखालची लाकडं तडतडत होती. गाडीत बसल्यावर मला इतकं हसू आलं की किल्ली सापडेना. तो मात्र हसत नव्हता, मांडीवरचं पातेलं घट्ट धरून बसला होता. घरी आल्यावर रस्सा दुसऱ्या भांड्यात काढला आणि तारेची घासणी घेऊन बसला. क्रमांक ठेवला, आल्याचं वर्ष ठेवलं, जाण्याचं वर्ष पार पत्रा दिसेपर्यंत खरवडून काढलं.

त्या दिवसापासून तो कृतघ्न झाला. बेकरीत त्याच्याशी कोणी बोलेना. शुक्रवारी मासे खायला गेलो तर शेजारचं टेबल उठून गेलं. गावाला त्याने नाही म्हटलं नव्हतं, मोठ्या साहेबांना म्हटलं होतं. पण बूया गावाचा होता.

ऑगस्टमध्ये नव्वद जणांतले त्रेपन्न ठेवायचे असतात. लायल त्या उन्हाळ्यात एकदाही चुकला नाही, हे त्याचे वैरीही मान्य करतील. ब्रॅन्सनचा एक चेंडू लाथ मारणाऱ्याच्या डोक्यावरून गेला, तरी मी भ्रमात नव्हते. साहेबांनी त्याच्यावर पाळी खर्च केली होती. ती चुकली असं म्हणायला जी छाती लागते ती त्यांच्यात नव्हती.

शेवटच्या दिवशी सकाळी ऑर्विल पीट आला. कार्यालयातला हा म्हातारा ज्याला बोलवायला जातो त्याचं सामान बांधलं जातं, म्हणून खेळाडू त्याला यमदूत म्हणतात. फार सज्जन माणूस. दारातच टोपी काढली. लायल परसात टायरपाशी होता. मी ऑर्विलला कॉफी दिली, कारण यमदूत असला तरी पाहुणा आहे, आणि लायलला हाक मारली.

"साहेबांनी बोलावलंय," ऑर्विल म्हणाला. "अजून वेळ आहे बाळा. कागद तयार आहे. सही कर, गाडीवरून मिरव, गाव पण शांत होईल."

"आणि नाही केली तर?"

"मग काढावं लागेल."

"मग काढा," लायल म्हणाला. "तेवढं काम तुमचं तुम्ही करा, ऑर्विलकाका. ते माझ्याकडून करून घेऊ नका."

ऑर्विलने कॉफी संपवली. जाताना मला हळूच म्हणाला, आजवर इतक्या दारांत गेलो, पण बाई, आज पहिल्यांदा माझीच मान खाली गेली. दुपारी रेडिओवर आलं: सॉयर्सने लायल कुबिकला काढून टाकलं. काढून टाकलं, हे शब्द त्यांना स्वतःच्या तोंडाने म्हणावे लागले. मी रेडिओ मोठा केला.

सप्टेंबर कोरडा गेला, ऑक्टोबरही. शेजारच्या राज्यातून कोणी उचललं नाही, साहेबांची भीती फुकट गेली. लायल टायरमधून चेंडू मारत राहिला आणि मी त्याचं भाडं घेणं बंद केलं, यावरूनही भांडलो. नोव्हेंबरात कुठल्याशा वाळवंटातल्या संघाचा वाकून फेकणारा गडी जायबंदी झाला आणि त्यांचा फोन आला. तिथे तो हंगाम संपेपर्यंत खेळला. नाताळच्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या दारूच्या गुत्त्यात मी त्यांचा सामना लावायला सांगितला. अर्धा क्षण वाकलेली पाठ दिसली, बस. डोलोरेस तिथे होती. "आपलाच की तो," म्हणाली, आणि पुन्हा आपल्या पत्त्यांकडे वळली.

आता पुन्हा मार्च आहे. वाळवंटवाल्यांनी त्याला पुढे ठेवलेलं नाही. सदतीस वर्षांचा गडी नेब्रास्कात बापाच्या गोठ्यामागे टायर टांगून बसलाय. परवा फोनवर मी विचारलं, काय करतोयस? म्हणाला, "अजून निवृत्त झालेलो नाही, बाई." वर मला विचारतो, तुमचे गुडघे कसे आहेत.

तर, लायल, राहिलं ते एकच. वाळवंटाच्या विमानासाठी निघालास त्या सकाळी जिन्यात ती कापडी बॅग घेऊन उभा होतास. चेहरा उतरलेला होता. तू म्हणालास, "बाई, एक काम कराल? ते पातेलं चर्चमध्ये देऊन टाका. जाऊ दे आता. लटकू दे." मी म्हटलं, देते, तू नीघ, विमान चुकेल.

ते तळघरात जिन्याखाली आहे. काल डोलोरेसला मी सांगितलं की त्यात बटाटे भरलेत.