आंबट वरणाचा निकाल

तंजावरकडच्या मराठी घरांत स्वयंपाकाची एक जुनी शिस्त आहे. बाई सोवळ्यात रांधते, पण रांधताना चाखत नाही. देवाला दाखवण्याआधी थेंबभर जिभेवर ठेवला तरी सगळं उष्टं. मीठ हाताच्या अंदाजानं घालायचं आणि नैवेद्य झाला की पहिल्या पानावर बसणाऱ्याच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं. तमिळ मुलखातल्या तिरुवल्लिकेणीच्या गल्लीत, कनकाच्या घरात ही शिस्त अजून पाळतात. आजूबाजूला नोकरीसाठी आलेल्या मुलांना खोल्या देणारी मॅन्शनं झाली, खाली बिर्याणीचं दुकान आलं, पण तिच्या स्वयंपाकघरात चमचा कधी तोंडाला लागला नाही.

पहिलं पान तिच्या नवऱ्याचं, राघोत्तमरावांचं. बँकेत कारकून होते. तिथे त्यांचं मत कुणी विचारत नसे, म्हणून की काय, घरी पाटावर बसले की ते न्यायाधीश होत. आंबट वरण भातावर घ्यायचे, पहिला घास गिळायचे आणि निकाल द्यायचे. "मीठ विसरलीस." "चिंच कच्ची राहिली." "हिंग घातलास की डबा नुसता दाखवलास?" सगळं जमून आलं असलं तर काही न बोलता पुढचा भात मागायचे. सासूबाई म्हणत, तो गप्प बसला म्हणजे आवडलं असं समज. कनका समजून घ्यायची. पण जन्मभर समजूनच घ्यायचं म्हणजे बाईला कुठेतरी सलतंच. एकदा तरी तोंडानं म्हणा की बाबा, छान जालं. ते कधी झालं नाही.

मग त्याच जिभेच्या मुळाशी कॅन्सरची गाठ निघाली. तंबाखू सोडा, सुपारीही कधी तोंडात न टाकलेला माणूस. किरणांचे शेक सुरू झाले आणि तोंडाची आग आग झाली. आत फोड आले, लाळ डिंकासारखी चिकट झाली, पाण्याचा घोटही काचा गिळल्यासारखा लागू लागला. डॉक्टरांनी पोटात नळी बसवली. तिच्यातून दूध आणि पातळ खीर थेट आत जाऊ लागली.

गिळण्याचे व्यायाम शिकवायला दवाखान्यात कीर्ती नावाची मुलगी होती. मूळची सांगलीची. तिचं ठसठशीत मराठी ऐकून राघोत्तमरावांना आधी हसू यायचं. ती कनकाला बाजूला घेऊन म्हणाली होती, "काकू, नळीनं पोट भरेल, पण घसा आपला आपण हलता ठेवायचा. रोज चार चमचे पाणी, पेज, काहीतरी तोंडानं जायलाच हवं. दुखेल. पण थांबलात तर घशाचे स्नायू आखडतात, मग ते गिळायचं विसरतात."

कनकानं काही दिवस नेटानं केलं. पेजेची वाटी घेऊन समोर बसायची. ते घोट घ्यायचे, ठसका लागायचा, डोळ्यांतून पाणी वाहायचं. एका दुपारी त्यांनी वाटी बाजूला सारली आणि तिच्यापुढे दोन्ही हात जोडले. "पोदुम," एवढंच म्हणाले. पुरे. ज्या माणसानं आजवर तिच्यापुढे कशासाठी हात जोडले नव्हते, त्यानं एका घोटासाठी जोडले. तिच्यानं बघवेना. तिनं पेज मोरीत ओतली आणि वाटी विसळून पालथी घातली.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. पुढे पुढे वाटी भरायचीही बंद झाली. कीर्तीचा फोन आला की कनका सांगायची, "घेतात, थोडं थोडं घेतात." शेजारी बसलेले राघोत्तमराव तिच्याकडे कृतज्ञतेनं बघायचे, आणि तिला वाटायचं, आपण नवऱ्याला सांभाळतोय.

शेक संपले, फोड बसले, अंगात जरा ताकद आली. खालच्या गल्लीतून फिरून येऊ लागले. एके सकाळी फोडणीचा वास आल्यावर स्वतःच पाट मांडून बसले. "अगे, आज मज वाढ."

घास घशाशी गेला आणि तिथेच थांबला. खालीही जाईना, वरही येईना. ठसक्यानं चेहरा काळानिळा पडला. पाठ चोळता चोळता कनकाला कुणाच्याही आधी कळलं, हे त्या पालथ्या वाटीचं फळ.

दवाखान्यात पांढरं औषध पाजून पडद्यावर बघितलं. अर्धं घशातच साचलं होतं, थोडं श्वासनलिकेकडे निघालं होतं. कीर्ती बुचकळ्यात पडली. "एवढं कसं आखडलं? रोज तोंडानं घेत होते ना?"

"नाही घेतलं," कनका म्हणाली. "मीच पेज मोरीत ओतत होते. तुज खोटं सांगितलं."

कीर्ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "काकू, दुखतं म्हणून सांगितलं असतंत तर दुखण्याचं औषध वाढवून घेतलं असतं. तेवढ्यासाठीच तर मी फोन करत होते."

हे मात्र कनकाच्या जिव्हारी लागलं. दुखणं टाळण्याचाही रस्ता होता. नुसतं खरं बोलायचं होतं.

मग व्यायाम सुरू झाले. जीभ दातांत धरून गिळा, हनुवटी छातीला लावून गिळा. कनका आता दया दाखवत नव्हती. त्यांनी हात जोडले तरी ती वाटी पुढेच धरायची आणि स्वतः तोंड फिरवून रडून घ्यायची. घोटलेला भात उतरू लागला, पण एका घासामागून दुसरा लवकर जात नव्हता. मुलगा हरिप्रसाद शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शोळिंगनल्लूरहून रविवारी यायचा आणि बापाचं ते जेवण बघवेना म्हणून गॅलरीत जाऊन उभा राहायचा. कीर्तीनं स्पष्ट सांगितलं, पूर्वीसारखं जेवण आता होणार नाही, नळी राहील. जे जमेल ते हौसेपुरतं.

गणेश चतुर्थीला त्या हौसेला परवानगी मिळाली. आंबट वरण चालेल, मिरची अजिबात नको. कनका पहाटेपासून घोकत होती, मिरची नको, मिरची नको. नैवेद्य दाखवला, भात वरणात लोण्यासारखा घोटला आणि चमचा त्यांच्या हाती देऊन नेहमीच्या जागी उभी राहिली. त्यांनी हनुवटी खाली घेतली. गळ्याची घाटी वर झाली, थांबली, पुन्हा वर झाली. घास गेला.

तिच्याकडे बघून ते म्हणाले, "छान जालंय."

एवढी वर्षं कनकानं ज्या शब्दाची वाट पाहिली तो आला होता. ती तिथेच बसली, स्वतःच्या पानात वरणभात घेतला आणि पहिला घास तोंडात घातला.

मीठच नव्हतं. मिरची टाळायच्या नादात मिठाकडे हातच गेला नव्हता.

"मीठ नाही यात," ती म्हणाली. "तुम्हांस कळलं नाही?"

"मज आता काहीच कळत नाही," राघोत्तमराव म्हणाले. "कळत होतं तेव्हा कधी म्हणालो नाही. आज घास उतरला, म्हणून म्हटलं."

त्यांनी मिठाची वाटी तिच्याकडे सरकवली. कनकानं ती घेतली नाही. ते चमचा पुन्हा भरेपर्यंत ती थांबली आणि मग दोघं तसंच अळणी जेवली.