नवमीच्या पाटावरची बंदूक

सीताराम घाडीशी माझी तीस वर्षांत निदान वीस भांडणं झाली असतील, आणि त्यातली अठरा जिन्याखालच्या जागेवरून. बोरीवली पूर्वेतल्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी. हा बाबा जिन्याखाली बसून गणपतीची थर्माकोलची मखरं कापायचा आणि ते पांढरे दाणे माझ्या चहापर्यंत उडत यायचे. मी करवादायचो. तो मान वर न करता कापत राहायचा. आधी रेघ मारणं त्याला ठाऊकच नव्हतं. कटर टेकवला की कमान, वेलबुट्टी, मोराची पिसं सरळ हातातूनच उतरायची. हे मी त्याच्या तोंडावर कधी बोललो नाही, तो भाग वेगळा.

मग थर्माकोलवर बंदी आली. जिना स्वच्छ झाला म्हणून मी आठवडाभर खूश होतो. पुढची काही वर्षं सीताराम गेटजवळच्या बाकावर बसून राहिला. बायको, रत्नप्रभा, डबे करायची, तिला तो लसूण सोलून द्यायचा. गप्पा मारतानाही त्याचा उजवा अंगठा गुडघ्यावर काहीतरी कापत असायचा. ते बघून मला माझ्याच खूश होण्याची लाज वाटायची.

त्याची मुलगी निधी दाताच्या दवाखान्यात काउंटरवर बसते आणि उरलेला वेळ मोबाइलवर सैनिकांचा गेम खेळते. गोरेगावात डिसेंबरात एक मेळावा भरतो, तिथे ही मुलं गेममधल्या माणसांचे वेश करून जातात, त्याची स्पर्धा असते. तिने बापाकडे गेममधली रायफल मागितली. आधी त्याने तिला झाडलं. दुसऱ्या दिवशी तिचाच फोन घेऊन बसला. गेममधल्या शिपायाला तो नुसता उभा करून गोल फिरवायचा, बंदूक सगळ्या बाजूंनी दिसावी म्हणून. शिपाई दर वेळी गोळी खाऊन मरायचा. सीताराम पुन्हा त्याला उभा करायचा.

जिन्याखालची जागा मी स्वतःहून उघडून दिली. प्लास्टिकचे जाड पत्रे, फोमशीट आणि सनबोर्डचे हलके तक्ते आले. फोमचे थर चिकटवून त्याने दस्ता केला. नळीला प्लास्टिक गरम करून वाकवलं, सांध्यांत लांबी, म्हणजे सुतारांची पुट्टी, भरली, पॉलिश पेपरने घासून घासून हात सोलवटून घेतले. काळ्या रंगावर शिसपेन्सिलीची पूड चोळली तेव्हा ते थेट लोखंडच दिसायला लागलं. अर्धवट असतानाचे फोटो बघून मेळाव्यातल्या एका चमूने निधीला कळवलं होतं की, स्पर्धेत ही उभी राहिली तर आमची सगळी हत्यारं तुझ्या बाबांकडूनच करून घेऊ. सीताराम मला म्हणाला, "श्याम, ह्या जमला तर हात परत चालू झालो म्हणान समज." एवढंच त्याला हवं होतं.

स्पर्धेचा नियम होता की नळीचं टोक नारिंगी रंगवायचं, म्हणजे खोटी आहे हे लांबूनही कळतं. निधीने रंगाची छोटी डबी आणून ठेवली होती. पण आली खंडेनवमी. पूजेत मांडायच्या वस्तूला असलं ठिगळ लावायला सीताराम तयार नव्हता. दसरा होऊ दे, मग लावतो, म्हणाला. शेवटचा हात नवमीच्या सकाळी फिरवला, तोवर निधी कामावर गेली होती.

कोकणातल्या माणसाची नवमी कशी असते ते सांगतो. हत्यारं धुवायची, धार लावायची, पाटावर मांडायची, हळदकुंकू आणि झेंडू वाहायचे. एकदा मांडली की दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. त्या घरात रत्नप्रभा भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवायची. तर पाटावर कटर, करवत, कानस आणि मधोमध ती रायफल, झेंडूची माळ घातलेली. मी बघतच राहिलो. फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमच्या सीतारामचं नवं शस्त्र.' मला खरंच अभिमान वाटला होता.

दुपारपर्यंत तो फोटो कुठल्या कुठे गेला. माझं वाक्य गळालं आणि 'बोरीवलीत हत्यारांचा साठा, सावध राहा' असं काहीतरी त्याला चिकटलं. चार वाजता पोलीस दारात, एक साहेब आणि दोन शिपाई.

साहेब सभ्य होते. त्यांनी सीतारामला एवढंच सांगितलं की, ती उचलून दाखव. दोन बोटांनी उचलली असती तरी प्रकरण मिटलं असतं, किलोभर कांद्याइतकंही तिचं वजन नव्हतं. पण सीताराम पाटापुढे हात जोडून उभा राहिला.

"साहेब, पूजा मांडलेली हा. आज तेका हात लावूचो नाय. उद्या सकाळी उत्तरपूजा झाली की मीच तुमच्या हातात देतंय."

साहेबांना वाटलं, हा वेळ काढतोय. मी दारातून म्हणालो, खोटी आहे साहेब. त्यांनी वळून विचारलं, फोटो कुणी काढला? मी चौकटीआड सरकलो. बोललो असतो, पुढे झालो असतो, तर त्या मिनिटात सगळं निवळलं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं.

शिपायाने हात घातला, सीतारामने त्याचा हात धरला, पाट कलंडला. पडणाऱ्या बंदुकीखाली सीतारामने आपला उजवा हात घातला. त्याच हातावर सकाळी धार लावलेला कटर आला. बंदूक मधोमध मोडली आणि आतला पांढरा फोम सगळ्यांना दिसला. साहेबांनी स्वतःचा रुमाल त्याच्या हाताला बांधला आणि जीपमधून त्याला इस्पितळात नेलं.

गुन्हा वगैरे काही दाखल झाला नाही. अंगठ्याची शीर तुटली होती. टाके पडले, पण तो अंगठा आता वाकत नाही. कटर धरता येत नाही, लसूणही सोलता येत नाही. निधी स्पर्धेला गेली नाही. आणि मी? त्याच संध्याकाळी मी माझ्या फोनमधून फोटो पुसला. ग्रुपचा ॲडमिन म्हणून घरोघरी जाऊन प्रत्येकाच्या फोनमधून पुसून घेतला. सोसायटीच्या भल्यासाठी, असं सगळ्यांना सांगितलं. भीती माझी होती.

यंदाच्या नवमीला सीतारामने मला बोलावलं. हत्यारं धुऊन मांडली होती, कुंकू डाव्या हाताने लावत होता. पाटाच्या मधोमध जागा मोकळी होती. वर्षभरात त्याने मला एका शब्दाने बोल लावला नव्हता. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुज्याकडे तो फोटो आसतलो ना रे?" तो म्हणाला. "निधीन ती पुरी झाल्यावर बघूकच नाय. छापून मधे ठेवतंय."

मी फोन काढला. गणपतीचे फोटो गेले, पाण्याच्या टाकीचे गेले, नातीच्या बारशाचे गेले. सीताराम बोटावर कुंकू घेऊन उभा होता.

"गावता काय?" त्याने विचारलं.

"बघतोय," मी म्हणालो, आणि बोट फिरवत राहिलो.