जिन्याखालचा मुलूख

रविवार सकाळ, राजापेठेतल्या आमच्या इमारतीची सभा. हजर: मी, तळमजल्यावरच्या काकू, इतिहासाचे सर आणि, न बोलावता, फाटकाशी बसणाऱ्या भाजीवाल्या बाई. विषय एकच: जिन्याखालची माझ्या स्कूटरची जागा बाईंकडून सोडवणे.

बाई कधीच भांडत नाहीत. "वयनी, उलशीक टोपली ठेवू द्या, सांभार सुकून राह्यला," म्हणतात. टोपलीमागून पोतं आलं, पोत्यामागून खाट. दर वेळी हो मीच म्हटलं आणि वर त्याच सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, मूठ घेऊन घरी आले.

सर म्हणाले, "इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड असंच घेतलं. मुलूख तुमचाच, कारभार तेवढा आम्ही पाहतो म्हणाले, आणि परत दिलंच नाही."

"मंग, निजामानं कदी झाडू मारला होता का तिथं?" बाईंनी विचारलं.

काकूंनी तर फाटकाची किल्लीही बाईंनीच सांभाळावी असं सुचवलं, आणि माझाही हात वर गेला.

"जागा तुमचीच हाये, वयनी," बाई मायेनं म्हणाल्या. "गाडी ठेवाची असली तं फकस्त मले इचारत जा."

स्कूटर रस्त्यावर उभी आहे. विचारायचं अजून राहिलं आहे.