चंद्रावरची कुस्ती

मला माझ्या दिराचा राग येतो. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्यात मोठं मन शोधत बसायला नको.

हा दीर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. माझे वडील पैलवान, आमचं घर तालमीच्या भिंतीला भिंत लावून. त्यामुळे लग्नानंतर कधीतरी मी पहिली विज्ञानकथा लिहायला घेतली, तेव्हा चंद्रावर आखाडाच नेला. मोठा काचेचा घुमट, आत हवा, आत कोल्हापुरातून नेलेली तांबडी माती. माझा किडकिडीत नायक समोरच्या अगडबंब मल्लाला एका हाताने उचलतो आणि उशीसारखा भिरकावून देतो. लिहिताना मला मीच फार आवडले.

दिवाळीत फराळाला सगळे जमले होते. दिराने ते कागद मोठ्याने वाचले आणि पोट धरून हसला. "वैनी, चंद्रावर वजन कमी हुतंय. पैलवान न्हाय कमी हुत! आन् तुमच्या हिरोचं पाय जमिनीवर टिकत्यात कशानं? खिळं मारल्यात व्हय?"

सासूबाई हसल्या, नवराही हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी विचारलं, नक्की चुकलं काय? तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, डोक्यावरनं जाईल तुमच्या." शिकवण्याचाच पगार घेणारा माणूस हा!

मग मी शाळेची जुनी पुस्तकं काढली. वस्तुमान वेगळं, वजन वेगळं, हे पाठ केलं. पण नुसत्या पाठांतरावर गोष्ट उभी राहत नाही. ते कळलं शाहूपुरीत, नवऱ्याच्या दुकानात. तो पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. एक दांडगी मोटार साखळीला टांगलेली होती. सगळं वजन साखळीने पेललेलं, म्हटलं आता हिच्यात काय दम राहिला? दोन्ही हातांनी ढकलली. ती सावकाश गेली, तशीच परत आली, आणि मी अडवायला गेले तर मला घेऊन मागच्या रॅकवर आदळली. नवरा ओरडला, "येडी हाईस काय!" खांदा काळानिळा झाला, पण मी मनातून खूश होते. वजन पेललं गेलं तरी धडक जात नाही, हे मला आता कुणी सांगायची गरज नव्हती.

कुस्ती नव्याने लिहिली. आता नायक मल्लाला उचलतो खरा, पण फेकायला जोर लावतो तर स्वतःच मागे घसरत जातो, कारण पायांना मातीची पकडच मिळत नाही. उडालेली माती उंच जाते आणि निवांत खाली येते. धोबीपछाड मारायला जातो आणि दोघेही भलतीकडेच जाऊन पडतात. बिचाऱ्याला कुस्ती पहिल्यापासून शिकावी लागते.

दिवाळी अंकाच्या संपादकांना गोष्ट आवडली. "फक्त तुमचं दीर फिजिक्सचं प्राध्यापक हाईत न्हवं, त्यांच्या नजरेखालनं घाला की एकदा," म्हणाले. घातली. दिराने दोनदा वाचली. चूक सापडेना, तेव्हा विचारलं, "कुणाकडनं लिवून घेतलंसा?"

अंक आला. माझ्या नावाखाली छापलं होतं, 'विज्ञान मार्गदर्शन', आणि पुढे दिराचं नाव, पदव्यांसकट. संपादकांना त्यानेच फोन केला होता. पै-पाहुणे त्याचं अभिनंदन करत होते, वहिनीला चांगलं तयार केलंस म्हणून. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं म्हणतात ते हेच.

यंदा दुसरी गोष्ट लिहिली. संपादकांनी पुन्हा तेच सांगितलं. दिराला दिलेल्या प्रतीत मी मुद्दाम एक प्रसंग घुसडला: घुमटाबाहेर, जिथे हवाच नाही तिथे, रेडिओ बंद पडलेली दोन माणसं लांबून हाका मारून एकमेकांशी बोलतात. आवाजाला हवा लागते हे शाळकरी पोरही सांगेल.

बेंदराला, बैलांच्या सणाला, सगळे जेवायला आले. पुरणपोळीवर तूप घेत दीर म्हणाला, "वाचली वैनी. एकदम बिनचूक हाय. माझं नाव घालायला सांगतो."

मी ते पान आणून सगळ्यांसमोर वाचलं. "आता सांगा भावजी, हाका ऐकू कशा आल्या?"

"तेवढं... बघायचं ऱ्हायलं."

"म्हंजे वाचलीच न्हाईसा."

सासूबाई कडाडल्या, "अगं, चारचौघांत असं बोलत्यात व्हय?"

"भावजी चारचौघांतच हसलं हुतं की," मी म्हणाले. "तवा तुम्हीबी हसलासा."

दीर भरल्या ताटावरून उठला. अजून माझ्याशी बोलत नाही, आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटत नाही.

मी संपादकांना नीट प्रत पाठवली आणि कळवलं की यावर फक्त माझं नाव येईल. त्यांचा फोन आला. "ताई, प्राध्यापकांचं नाव नसंल तर लोकं इस्वास कसा ठिवणार? एका बाईनं लिवलेलं सायन्स..." पुढचं त्यांनी गिळलं. समोर बसलेला नवरा खुणावत होता, घाल की नाव, तुझं काय जातंय? माझं काय जातंय ते इतक्या वर्षांत त्याला कळलं नव्हतं.

"मग छापू नका," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

अंक निघाला तेव्हा विकत आणून चाळला, माझी गोष्ट खरंच छापली नव्हती, आणि चडफडत बाजूला टाकला. माझी गोष्ट कपाटात आहे. तिच्यात एकही चूक नाही आणि तिच्यावर एकच नाव आहे.