आधी पाहुण्यांना

अविनाशदादा गेल्याची बातमी मला तमिळनाडूतल्या एका मुलीच्या संदेशातून कळली. मी काशीदला, दादा श्रीवर्धनला, मध्ये एवढी एक खाडी. ही मुलगी तर त्यांना कधी भेटलेलीही नव्हती. वहिनींनी दादांच्या फोनवरून, त्यांच्या अ‍ॅपवर काम करणाऱ्या आमच्या सगळ्या गटाला एकदमच कळवलं आणि तिने ते माझ्याआधी वाचलं, इतकंच. पण रडू येण्याआधी माझ्या मनात आलं, हिला माझ्या आधी कसं कळलं... इतके आठवडे झाले, तरी ते जात नाही.

दादा पतसंस्थेत नोकरी करायचे. उरलेल्या वेळात त्यांनी होडीवाल्यांसाठी भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारं मोफत अ‍ॅप उभं केलं. त्याचं आतलं सगळं काम इंटरनेटवर उघडं असे. कुणीही पाहावं, चूक दिसली तर दुरुस्ती पाठवावी. दादा ती तपासून आत घेत. मी तेव्हा अलिबागला कॉलेजात होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. लहान भरतीसाठी अ‍ॅपमध्ये इंग्रजी शब्द होता, तिथे मी ‘भांग’ लिहून पाठवला. माझे वडील होडीवर खलाशी, त्यांच्या तोंडचा शब्द. त्याच संध्याकाळी उत्तर आलं: “हा शब्द मी कितीतरी दिवस शोधत होतो. वडिलांना माझा नमस्कार सांग.” मी तो सांगितला, तर वडील म्हणाले, “वळखत न्हाय पाळखत न्हाय, नि मना कशाला नमस्कार?” पण त्या दिवशी ते दोनदा जेवणाचं ताट सोडून माझ्याजवळ आले आणि अ‍ॅपमधला तो शब्द त्यांनी पाहिला. आज मी सॉफ्टवेअरची जी नोकरी करते ती त्या संध्याकाळपासून सुरू झाली असं मी मानते.

पुढे कळलं की असे नमस्कार दादा सगळ्यांच्याच घरी पाठवतात. आमच्या गटातल्या, आगरदांड्याच्या फैजानच्या अब्बांनाही गेला होता, ते फेरीबोटीवर कामाला आहेत म्हणून. फैजानचं पहिलं काम तर धड चालतही नव्हतं. दादांनी त्याच्याबरोबर बसून ते चालतं केलं. आणि माझं? मी जुनी होत गेले तशी दादांची उत्तरं उशिरा येऊ लागली. नवीन माणसाला तासाभरात, मला आठवड्याने. मी चुका कमी करते म्हणून मला ही शिक्षा, असं वाटायचं.

शेवटची भेट त्यांच्या घरी झाली. आजारपणाने ते अगदी वाळले होते. अंगणात सुपारी पसरलेली, आत पलंगावर उशीला टेकून दादा लॅपटॉपवर कुणा नव्या मुलाला उत्तर टाइप करत होते. राजपुरीच्या खाडीच्या वेळा बिनचूक याव्यात म्हणून मी कित्येक महिने खपून एक मोठं काम पाठवलं होतं. त्यावर त्यांचा एक शब्द हवा होता, बस.

“दादा, माझं पाहिलंत का?”

“तुझं कुठे पळून जातंय? हा पोरगा पहिल्यांदा आलाय. दोन दिवस कुणी बोललं नाही, तर परत फिरकायचा नाही.”

“आणि मी नाही आले तर?”

ते हसले. “तू कुठे जातेस? तू घरची.”

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. “यांचं असंच. पाहुण्याला आधी वाढायचं, घरच्यांनी टोप खरवडून खायचा,” त्या म्हणाल्या. मला तेव्हा हे टोपातलं नकोच होतं. मला पाटावर बसायचं होतं.

माझं काम न पाहताच ते गेले. इतरांचं काम आत घेण्याचा अधिकार त्यांनी मला केव्हाच दिला होता, पण आपलं काम आपण आत घ्यायचं नाही हा आमच्यातला नियम. दुसऱ्याची नजर फिरायलाच हवी. तसा अधिकार असलेला आता एकच माणूस उरला, फैजान. होड्या तर रोज जातात, अडून राहून चालणार नव्हतं. परवा मी त्याला लिहिलं, माझं पाहशील का. लिहिताना मनाशी म्हटलं, लाडका असेल तो, पण घरची मी. ताटकळत ठेवलं ते मला.

त्याचं उत्तर लगेच आलं. “बघतो ना ताई. पण माझं पण एक काम दादांकडे पडून हाय. तुमच्या कामाच्या किती आधीचं. मी विचारायचो, तर म्हणायचे, तू घरचा हायेस, थांब जरा. तुम्ही बघाल?”

मी बराच वेळ ते वाचत बसले. घरची म्हणूनही मी एकटी नव्हते... आणि तो माझ्या आधीपासून थांबला होता.

मग मी त्याचं काम उघडलं. चांगलं होतं. ते त्याला लिहायला मला जड गेलं, पण पहिल्या ओळीत तेच लिहिलं, आणि खाली, अब्बांना नमस्कार.