पांढरा गिलावा

"माळी, पाईप लाव. आधी भिजव हिला."

चीफसाहेब एवढंच बोलले आणि अंगणातल्या सगळ्या बायका माझ्याकडं वळल्या.

चैत्रातलं हळदीकुंकू होतं. साखर कारखान्याच्या साहेबलोकांची कॉलनी, तिथला पहिला बंगला चीफ इंजिनिअरचा. कारखान्यात कामाला येणाऱ्या सगळ्या बायकांना बोलवा, असा निरोप बाईसाहेबांनीच धाडला होता. आम्ही सातजणी गेलो. बाकीच्या घरी जाऊन लुगडं बदलून आल्या. मी कामावरून तशीच गेले. माझं दुसरं लुगडं मळलेलं होतं आणि ते धुवायला वस्तीत पाणी नव्हतं. दुष्काळाचं साल. आडाच्या तळाशी माणूस उतरवायचा आणि वाटीवाटीनं घागर भरायची, अशी गत. मी तोंड पुसलं, पदर झटकला आणि गेले.

हातात कैरीच्या डाळीचा द्रोण होता. घास तोंडात घालायच्या आत पाणी अंगावर आलं. बागेचा रबरी पाईप. डोक्यावर, छातीवर, पाठीवर. माळी आमच्याच वस्तीतला. तो माझ्याकडं बघत नव्हता, नुसतं पाणी सोडत होता. डाळ वाहून गेली. लुगडं अंगाला चिकटलं. समोर साहेबांच्या बायका बसलेल्या, मांडीवर पोरं घेऊन. एकीनं आपल्या पोराचे डोळे झाकले.

खोटं कशाला सांगू? त्या वेळी मनात पहिलं हेच आलं, की केवढं हे पाणी. आमच्या वस्तीला दिवसभर पुरलं असतं.

मग साहेब बायकोवर ओरडले, "बॉयलरच्या बायकांना आत कशाला घेतलंस? ती धूळ पोरांच्या छातीत गेली म्हणजे?"

मी मान खाली घालून बाहेर पडले. अंगातून पाणी गळत होतं. रस्त्यावरची माणसं बघत होती.

माझ्या आईला गावात पाणवठ्यापासून लांब उभं करायचे. वरून ओंजळीत पाणी ओतायचे. लहानपणी डोळ्यांनी बघितलंय मी. आधी वाटलं, हे तेच. पण घरी पोचेस्तोवर साहेबाचं बोलणं डोक्यातून जाईना. पोरांच्या छातीत गेली म्हणजे? आईच्या अंगाला काहीच लागलेलं नव्हतं. तो विटाळ त्यांच्या डोक्यातला. माझ्या अंगाला मात्र खरंच काहीतरी होतं. ते काय आहे, हे साहेबाला माहीत होतं. मला माहीत नव्हतं. विटाळ खरा होता, आणि तो त्यांनीच मला लावला होता.

आमचं काम सांगते. बॉयलरमधून वाफेचे जाडजूड पाईप निघतात. वाफ निवू नये म्हणून त्यांच्यावर पांढरा गिलावा असतो. उसाचं गळीत संपलं की जुना गिलावा हातोडीनं फोडायचा आणि नवा चढवायचा. फोडायचं आणि चढवायचं काम बाप्यांचं. कालवायचं आमचं. पोती उसवायची, हौदात पालथी करायची, पाणी टाकून आतलं पायानं तुडवायचं. पोत्यात कापसासारखं काहीतरी असायचं. कागदोपत्री नाव अ‍ॅस्बेस्टॉस. आमच्या तोंडी आसबेट. पोतं झटकलं की धुकं पडल्यागत व्हायचं, समोरची बाई दिसायची नाही. केस पांढरे व्हायचे. आम्ही एकमेकींना हसायचो. "म्हातारी झालीस गं," म्हणायचो.

माझा नवरा कारखाना उभा राहिला तेव्हापासून याच कामावर. पंधरा-सोळा वर्षं झाली, पण ठेकेदाराचा माणूस तो ठेकेदाराचाच राहिला. दोन वर्षांपासून त्याला दम लागत होता. कोरडा खोकला. आधी शिडी चढताना, मग चालताना, मग बसून भाकरी खाताना. कारखान्याच्या डॉक्टरनं लिहिलं, क्षय. इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या. थुंकी तपासली, तिच्यात काही निघालं नाही. तरी कागदावर क्षयच.

त्या संध्याकाळी ओल्या लुगड्यानंच मी त्याच्यापुढं बसले.

"अवो, आसबेट छातीत जातंय व्हय?"

"जातंय की. नाकातनं जातंय, तोंडातनं जातंय. छातीत न्हाई तर कुठं जानार?"

"साहेबाला ठावं हाय ते."

 बोलायलाही त्याला दम गोळा करावा लागायचा. मग म्हणाला, "ठावं आसंल. म्हनून तर गोडाऊन हलवलं."

पोत्यांचं गोडाऊन आधी कॉलनीच्या मागं होतं. वर्षापूर्वी ते आमच्या वस्तीला लागून आणलं, आडापासून हाकेच्या अंतरावर. आम्हाला वाटलं होतं, कामाला जवळ पडावं म्हणून आणलं.

मी चौथीपर्यंत शिकलेली. दुसऱ्या दिवशी कॉलनीच्या फाटकाशी गेले. तिथं पाटी होती. काल मी तिच्याखालूनच आत गेले होते. अक्षर अक्षर जुळवत वाचली. 'अ‍ॅस्बेस्टॉसची पोती व भंगार या हद्दीत आणण्यास सक्त मनाई आहे.'

म्हणजे बंदी होती. बंदी घालता येते, हे त्यांना कळलेलं होतं. फक्त ती फाटकापाशी संपत होती. त्यांच्या दारातली धूळ बंद झाली आणि उचलून आमच्या दारात आणून ठेवली गेली.

आमच्या वस्तीत त्या रिकाम्या पोत्यांना केवढा मान. कुणी दाराला पडदा केला होता, कुणी शेळीखाली अंथरलं होतं. मी माझ्या पोरीच्या गोधडीत दोन पोती आतून शिवली होती. मऊ लागतं म्हणून. सहा वर्षांची पोर त्यावर तोंड घासून झोपायची. त्या दिवशी गोधडी उसवली, पोती लांब नेऊन ओढ्याच्या खड्ड्यात पुरली. पण पोरीच्या आत जे जाऊन बसलं असेल, ते कुठं पुरू?

आठवड्यानं चीफसाहेब बॉयलरवर आले. सोबत मुकादम. आम्ही हौदात गुडघ्याएवढ्या गिलाव्यात उभ्या. मी बाहेर आले. पाय पांढरे, तशीच साहेबांसमोर जाऊन उभी राहिले. ते दोन पावलं मागं सरले.

मी म्हणाले, "साहेब, जी बंदी तुमच्या दारात घातली, ती आमच्या दारात घाला. ह्ये आसबेट बंद करा."

मुकादम अंगावर आला, "ए, मागं हो. कुणाशी बोलतीस?"

साहेबांनी त्याला थांबवलं. चिडले नाहीत. हसले. ते हसणं पाण्याच्या पाईपापेक्षा जास्त लागलं. सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बंद करतो की. उद्यापासून बंद. गिलावा बंद म्हणजे तुमचंही काम बंद. मग जा सगळ्या दुष्काळी कामावर खडी फोडायला. बोला, करू बंद?"

 हौदात नुसता पाय उचलल्याचा आवाज. मी सगुणाबाईकडं बघितलं. सगुणाबाई माझ्याहून थोरली, हौदावर मला कामाला लावणारी तीच. माझ्या बाळंतपणात तिनंच माझं सगळं केलं होतं. तीन पोरं आणि आंधळी सासू तिच्या एकटीच्या हातावर. मला वाटलं, ही बोलेल.

ती बोलली.

"न्हाई साहेब, बंद नगा करू. तिचं डोस्कं फिरलंय. नवरा आजारी हाय ना."

साहेब म्हणाले, "ऐकलंस?" आणि निघून गेले. मुकादमानं मला त्याच घटकेला काढलं.

सगुणाबाईचा मला राग आला. अजून येतो. पण तिचं चुकलं, असं मला म्हणता येत नाही. तिच्यापुढं दोनच गोष्टी ठेवल्या होत्या, आज उपाशी मर नाहीतर सावकाश छातीनं मर. बंदी घातली तर या बायकांना दुसरं काम द्यायचं, ही तिसरी गोष्ट साहेबानं काढलीच नाही. मलाही त्या वेळी सुचली नाही. रात्रंदिवस विचार करून नंतर सुचली. तेव्हा ऐकायला कुणी नव्हतं.

मी खडी फोडायला गेले. तिथून एक दिवस सुट्टी काढून नवऱ्याला नगरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. एस.टी.च्या पायऱ्या त्याला चढवेनात. कंडक्टरनं आणि मी उचलून घेतलं. चाळिशीचा माणूस, पोराएवढं वजन.

तिथला डॉक्टर तरुण होता. छातीचा फोटो उजेडाला धरून त्यानं विचारलं, "काम काय करता?"

दोन वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मी सगळं सांगितलं. पोतं, हौद, शिडी, धुकं.

तो म्हणाला, "बाई, हा क्षय नाही. ती धूळ आत बसली आहे. फुप्फुसं चामड्यासारखी कडक झालीत."

"औशद?"

"नाही."

"तसं लिहून द्या."

त्यानं लिहून दिलं. तो कागद मी कारखान्याच्या डॉक्टरपुढं ठेवला. त्यानं वाचला, घडी घातली, खणात टाकला. म्हणाला, "ठेवतो फायलीला." परत मागितला तर म्हणाला, "कसला कागद?"

माझ्या हातून तो कागद सुटला, हे मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

आषाढात पाऊस आला. वस्तीतली माणसं नाचली. माझा नवरा दारात बसून हवेसाठी तोंड उघडझाप करत होता. जगात एवढी हवा आणि त्याला घोटभर मिळेना. चौथ्या दिवशी दुपारी गेला. पोरगी त्याच्या पाठीला हात लावून बसली होती. ती म्हणाली, "आये, आबाचं हलायचं थांबलं."

दहाव्यानंतर मुकादम आला. टोपी काढून बसला. त्याच्या हातात टाईप केलेला कागद आणि शाईची डबी. म्हणाला, "साहेबांनी तुझा इचार केलाय. कामावर घ्यायला सांगितलंय. अंगठा कर हितं."

मी म्हणाले, "मला वाचता येतं."

मी वाचेस्तोवर तो चुळबुळत राहिला. लिहिलं होतं, माझा पती क्षयरोगाने मयत झाला असून त्याच्या आजाराचा कामाशी संबंध नाही, माझी कोणतीही तक्रार नाही.

"आन् काम कंचं देनार?" मी विचारलं.

"त्येच की. हौदावरचं."

तेच. ज्यानं नवरा गेला तेच काम, तो त्यानं गेला नाही असं लिहून दिल्याबद्दल बक्षीस. घरात तेव्हा दोन शेर ज्वारी होती. पोरगी चुलीपाशी बसून आमच्याकडं बघत होती. मी कागद त्याच्या पुढ्यात सरकवला.

"न्हाई करनार."

"खुळी हाईस का? पोरीला काय खाऊ घालशील?"

"हौदातलं न्हाई घालनार."

तो उठून गेला. जाताना बोलला ते बोलला. तेव्हापासून कारखान्याच्या भोवतालच्या मळ्यांत मला खुरपायलाही कुणी बोलवत नाही. सगळे सभासद कारखान्याचे. मी चार-चार कोस चालून लांबच्या वावरात जाते.

कामावर खाडा पडला की त्या दिवशी कारखान्याच्या फाटकाशी उभी राहते. पाथर्डीकडून, शेवगावकडून नव्या बायका येतात, त्यांना सांगते पोत्यात काय आहे. त्या ऐकतात. मग विचारतात, "बाई, मग खायचं काय?"  त्या आत जातात. एकसुद्धा माघारी फिरली नाही आजवर.

गेल्या महिन्यात सगुणाबाई माझ्या दारात आली. कितीतरी दिवसांनी. उंबऱ्यावर टेकली. बोलायच्या आधी खोकली. कोरडा खोकला. मला तो दुरून ओळखू येतो.

ती म्हणाली, "डाक्टर क्षय म्हन्तोय गं."

मी तिला आत घेतलं. पाणी दिलं. हौदावरचं काहीच काढलं नाही. तिनंही नाही.

सगुणाबाई वाचणार नाही. मी तिला तसं काही खोटं सांगणार नाही. या मंगळवारी तिला नगरला नेणार आहे. फोटो काढायला लावणार. डॉक्टरनं विचारलं नाही तरी सांगणार, ही हौदात आसबेट तुडवत होती, इतकी वर्षं, या कारखान्यात. ते तसंच लिहून घेणार. एकाच्या दोन प्रती. एकही प्रत कारखान्याच्या डॉक्टरच्या हातात देणार नाही. मरण त्यांना थांबवायचं नसेल तर न थांबवोत. पण त्या मरणाचं नाव आता ते ठरवणार नाहीत.