हनुवटीवरचा हात

चष्म्याच्या दुकानात आरसे किती असतात हे तिथे काम करणाऱ्यालाच ठाऊक. भिंतीवर मोठे, काउंटरवर फिरते, फ्रेम मांडायच्या खणांच्या मागेसुद्धा आरसेच. तिला त्यांचं कधी काही वाटलं नव्हतं. लग्नाआधीपासून ती या दुकानात होती. आरसे गिऱ्हाइकांसाठी असतात, यापलीकडे तिने त्यांच्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

तिचं काम चष्मा बसवण्याचं. नंबर काढायला डोळ्यांचे डॉक्टर, काचा कापायला मागच्या खोलीतलं यंत्र. पण तयार झालेला चष्मा माणसाच्या नाकावर नीट बसला नाही तर सगळंच मुसळ केरात. ती दांडी गरम हवेवर धरून किंचित वाकवायची, नाकाच्या पट्ट्या चिमट्याने आत-बाहेर करायची, मग गिऱ्हाइकासमोर वाकून म्हणायची, "माझ्या कपाळाकडे बघा." बहुतेकांचे दोन कान एका उंचीवर नसतात आणि नाक क्वचितच सरळ असतं, पण हे गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं, हे ती पहिल्याच वर्षी शिकली होती. दुकानात येणारी लहान मुलं तिला चष्माताई म्हणायची. हळूहळू मालकीणबाईही तिला त्याच नावाने हाक मारू लागल्या.

पस्तिशी ओलांडली आणि तिच्या हनुवटीवर एक फोड आला. येतो एखादा, म्हणून तिने सोडून दिलं. तो बसतोय तोच जबड्याच्या कडेला दोन आले. कातडीखाली खोल, टणक आणि ठणकणारे. उशीवर गाल टेकवला की कळ यायची. पाळीच्या आधीच्या आठवड्यात तर त्यांची जत्राच भरायची. शाळेत असताना सगळ्या मैत्रिणींच्या तोंडावर पुटकुळ्या होत्या तेव्हा हिचा चेहरा लख्ख होता. आता त्या सगळ्या नितळ आणि ही अशी. "वय चुकून आलेत," ती नवऱ्याला म्हणाली. नवरा बेकरीचा टेम्पो चालवायचा, पहाटे उठून जायचा आणि मोजकं बोलायचा. तो म्हणाला, "मला तर दिसत पण नाहीत." त्याने हे मनापासून म्हटलं होतं, पण तिला वाटलं, हा आपल्याकडे बघतच नाही.

एक दिवस दुकानात एक आजोबा आले. दूरचं आणि जवळचं एकाच काचेतून दिसेल असा नवा चष्मा त्यांनी केला होता. तिने तो बसवला, दांड्या सारख्या केल्या आणि विचारलं, "खालच्या भागातून बघा बरं. जवळचं स्वच्छ दिसतंय का?"

आजोबांनी मान वर केली, डोळे खाली नेले आणि खूश होऊन म्हणाले, "वा! काय दिसतंय! तुमच्या हनुवटीवरचा एकेक फोड मोजून घ्या."

आजोबांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना चष्म्याचंच कौतुक करायचं होतं. शेजारी फ्रेम बघणाऱ्या दोन बाया हसल्या, त्याही चष्म्यालाच हसल्या असतील. तीही हसली. चष्मा डबीत घालून दिला, डबीवर फडकं ठेवलं, आणि आजोबा दाराबाहेर पडले तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपला डावा हात हनुवटीवर गेलाय.

तो तिथेच राहिला. गिऱ्हाइकाशी बोलताना हात, जेवताना हात, बसमध्ये हात. एका हाताने दांडी वाकवता येत नाही, म्हणून कामं रेंगाळायला लागली. तिची मुलगी पहिलीत होती. ती एकदा म्हणाली, "आई, तुझी दाढ दुखते का? किडलीय का?" "हो, थोडी," असं म्हणून तिने वेळ मारून नेली.

मग सुरू झाले उपाय. कुणी सांगितलं लिंबू, तर लिंबू. कुणी सांगितलं टूथपेस्ट, तर रात्रभर टूथपेस्ट. दाणेदार साबणाने तिने चेहरा इतका घासला की तो परातीसारखा चकचकीत झाला आणि पाठोपाठ लाल. शेजारणीने एक ट्यूब दिली. त्या ट्यूबने चार दिवसांत चेहरा असा सुधारला की तिने शेजारणीला मिठीच मारली. ट्यूब संपली आणि फोड दामदुपटीने परतले.

शेवटी ती मालकीणबाईंकडे गेली. म्हणाली, "मला काही दिवस मागे काम द्या. यंत्रावर."

"यंत्रावर तर माणूस आहे," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं, त्याच्या मागे काय आहे तेही ओळखलं असावं. "बरं. पण किती दिवस ते मला सांगशील."

मागच्या खोलीत आरसा नव्हता. काचा घासल्या जाताना येणारा एकसुरी आवाज, पाण्याची बारीक धार आणि पांढरा गाळ. तिला तिथे बरं वाटायचं, आणि तेच तिला बरं वाटत नव्हतं.

तिला जागचं हलवलं ते नणंदेने. नणंद नवऱ्याहून मोठी, पोहायला शिकवायची. दिवसभर तलावाच्या काठावरून ओरडून तिचा आवाज असा झाला होता की ती कुजबुजली तरी शेजारच्यांना कळावं. ती सुट्टीला घरी आली, जेवताना भावजयीचा हात पाहिला आणि म्हणाली, "हात खाली घे."

"वन्सं, राहू द्या ना."

"मी रोज शंभर माणसं पाण्यातून ओली बाहेर येताना बघते. कुणाच्या अंगावर काय आहे नि काय नाही, हे मला सांगू नकोस. निम्म्या बायांना आहे हे. डॉक्टरकडे गेलीस का?"

"एवढ्यासाठी डॉक्टर?"

"एवढ्यासाठी तू माणसांत बसायचं सोडलंस, आणि डॉक्टर नको?"

दुसऱ्याच दिवशी नणंद तिला कातडीच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर बाई उतारवयाच्या, अगदी सावकाश बोलणाऱ्या. घरातलं जे जे तोंडाला लावलं ते सगळं घेऊन या, असं त्यांनी फोनवरच कळवलं होतं. टेबलावर बाजार मांडल्यासारखं झालं. डॉक्टरांनी शेजारणीची रिकामी ट्यूब उचलली. "हिच्यात स्टेरॉइड आहे. चार दिवस चेहरा छान दिसतो, मग सगळं व्याजासकट परत येतं. असं झालं ना?"

तिने मान हलवली. डॉक्टरांनी पाळीबद्दल विचारलं, रक्त तपासून घेतलं. पुढच्या भेटीत रिपोर्ट बघून म्हणाल्या, "काळजीचं काही नाही. हार्मोन प्रत्येकीचे वर-खाली होतात, तुमच्या कातडीला ते जरा जास्त जाणवतं, इतकंच. जबडा आणि हनुवटी ही त्यांची ठरलेली जागा. तुमच्या अस्वच्छपणाचा, तेलकट खाण्याचा, कशाचा संबंध नाही. तुमचं काही चुकलेलं नाही."

हे शेवटचं वाक्य ऐकून ती रडायलाच लागली. नणंद तिच्या परीने हळू आवाजात म्हणाली, "अगं, रडतेस काय!" बाहेर बसलेल्या पेशंटांनी दाराकडे पाहिलं.

उपाय अगदी साधा निघाला. सकाळ-संध्याकाळ सौम्य फेसवॉश, हाताने, न घासता. त्यावर साधं मॉइश्चरायझर. दिवसा सनस्क्रीन. रात्री एक औषधी क्रीम, सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढी. शिवाय एक गोळी. "मूल होऊ द्यायचा विचार असेल तर आधी मला सांगायचं," डॉक्टरांनी बजावलं, "ही क्रीम आणि गोळी तेव्हा चालत नाही. आणि सुरुवातीला वाढल्यासारखं वाटेल. तीन महिने तरी मला शिव्या देऊ नका."

पण दम कुणाला निघतो? आठवडा झाला तरी फरक दिसेना, म्हणून तिने वाटाण्याचा अक्रोड केला. दोन दिवसांत हनुवटीची सालपटं निघायला लागली. तोंडाशी पाणी नेलं तरी झोंबायचं. ती न्हाणीघरातून बाहेर आली ती ट्यूब कचऱ्यात टाकायच्या तयारीनेच.

सासरे दारात बसून बूट पुसत होते. आयुष्यभर त्यांनी लोकांची घरं रंगवली होती. अजून कुणाच्या घरी गेले की आधी भिंती बघायचे, मग माणसं. त्यांनी सुनेकडे पाहिलं. "किती जाड लावलंस?"

"काय?"

"जे काय लावतेस ते. पोपडे आलेत." ते उठले, जवळ आले. "हे बघ सूनबाई, मला तुझ्या औषधातलं काही कळत नाही. पण पहिला हात वाळायच्या आत घाईने दुसरा मारला की भिंत पण असंच करते. बाईंना फोन कर. त्यांनी सांगितलंय तेवढंच लाव."

"बाबा, माझं तोंड म्हणजे भिंत आहे का?"

"भिंत असती तर एव्हाना मीच आटोपली असती," सासरे म्हणाले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती खळखळून हसली. हसल्यावर सालपटं ताणली जाऊन झोंबली, तरी हसली. डॉक्टरांनी फोनवर काही दिवस क्रीम बंद ठेवायला सांगितलं आणि मग एक दिवसाआड, वाटाण्याएवढीच.

चेहरा अशा अवस्थेत असतानाच दुकानात एक बाई तान्ही मुलगी घेऊन आल्या. पोर जेमतेम बसायला शिकलेली. जन्मापासून तिला फार कमी दिसत होतं, हे आत्ता लक्षात आलं होतं. जाड भिंगांचा, दांडीऐवजी मऊ पट्टा असलेला इवलासा चष्मा तयार होता. पण पोर कुणाला जवळ येऊ देईना. तिच्या जागी काउंटरवर घेतलेल्या नव्या मुलाने प्रयत्न केला, मालकीणबाईंनी केला. चष्मा नाकापर्यंत गेला की ती किंचाळून मान फिरवायची. तिची आईही रडकुंडीला आली.

मालकीणबाई मागच्या खोलीत आल्या. "चष्माताई, चल."

"माझं तोंड बघा तरी."

"त्या पोरीला अजून माझं तोंड दिसलेलं नाही, तुझं काय घेऊन बसलीस? चल."

ती पुढे आली. हनुवटीवर हात ठेवून लहान मुलाला चष्मा घालता येत नाही; एक हात डोक्यामागे लागतो, एक पुढे. तिने हनुवटीवरचा हात काढला. पोरीसमोर जमिनीवर बसली आणि चष्मा न दाखवता तिच्याशी बडबड करत राहिली. पोरीने आवाजाच्या दिशेने हात पुढे केला. बोटं हिच्या नाकावर आली, ओठांवर, मग हनुवटीवर. तिथे खडबडीत काहीतरी लागलं, तशी ती थांबली. पुन्हा चाचपलं. सालपटं, उंचवटे, सगळं तिने निवांत तपासलं, जणू नवं खेळणंच. ते चाचपण्यात ती गुंग असताना चष्माताईने पट्टा हळूच डोक्यामागे सरकवला आणि भिंगं नाकावर टेकवली.

पोर गप्प झाली. समोरच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहिली. आई मागून म्हणाली, "सोनू," तशी तिने मान वळवली, आईला पाहिलं आणि एकदम सगळं अंग हलवून हसली. आई खालीच बसली. नव्या मुलाला अचानक फ्रेमवरची धूळ पुसायची आठवण झाली.

जाताना त्या बाईंनी तिचे दोन्ही हात धरले. पुढच्या वेळी पण तुम्हीच बसवाल ना, म्हणून विचारलं. तिने हो म्हटलं. हो म्हणून झाल्यावर तिला कळलं की याचा अर्थ आता मागच्या खोलीत राहता येणार नाही. ती त्या दिवसापासून पुन्हा काउंटरवर उभी राहिली. चेहरा होता तसाच होता. एक-दोघांनी निरखून पाहिलं, एकीने विचारलंही. "डॉक्टरांचं औषध चालू आहे, वेळ लागतो," एवढं म्हणून ती दांडी वाकवत राहिली. विचारणाऱ्या बाईने बॅगेतून मोबाइल बाहेर काढला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "माझ्या बहिणीला पण आहे. त्या डॉक्टरांचा नंबर देता?"

फरक आला तो तिच्या नकळत. आधी नवे फोड येणं कमी झालं, मग ठणका गेला, मग एका सकाळी तोंड धुताना बोटांना सगळीकडे सपाट लागलं. डाग राहिले. ते फिकट व्हायला डॉक्टरांनी वर्ष सांगितलं होतं, आणि आता तिला घाई नव्हती. पाळीच्या आधी अजूनही एखादा पाहुणा येतो, जबड्याच्या त्याच कोपऱ्यात. ती त्याला फोडत नाही, दाबत नाही. चार दिवस राहून तो आपला निघून जातो.

घरात मात्र तिच्या सामानावर सगळ्यांचा डोळा आहे. मॉइश्चरायझर नवरा टाचांना लावतो आणि वर 'मी नाही' म्हणतो. फेसवॉशचा फेस काढून मुलगी बाहुल्या धुते. नणंद आली की सनस्क्रीनची बाटली अर्धी होते. औषधी क्रीम तेवढी तिने कुलपात ठेवली आहे.

परवा सासरे गच्चीवर कठडा रंगवायला निघाले. घरचंच काम, उन्हात उभं राहायचं. ते न्हाणीघरातून बाहेर आले तर तोंड, मान, कान, सगळं पांढरंफटक.

"बाबा, किती जाड लावलंय!" ती म्हणाली.

"बाहेरचं काम आहे," ब्रश उचलत सासरे म्हणाले, "दोन हात लागतातच."

तिने रुमाल घेऊन त्यांचे कान पुसले, मान पुसली, आणि रंगाचा डबा घेऊन त्यांच्यामागे गच्चीवर गेली. सुट्टीचा दिवस होता. खालचा अर्धा कठडा तिने रंगवला, वरचा त्यांनी.